बोथट

सगळ्यांना धार हवी असायची.
सामन्याच्या दुपारी पोरं पाती घेऊन माझ्या दगडाशी रांग लावायची,
ठिणग्या उडेपर्यंत दम नसायचा,
मग अंगठ्याच्या नखावर पातं ओढून बघायची.
नखाचा पांढरा भुसा पडला की खूश.
एकटा रेनो हापाकोस्की म्हणायचा,
"लॅकलन, माझी मोडून दे."
गोलकीपरला पुढे धावायचं नसतं, आडवं सरकायचं असतं,
आणि कोरं पातं आडवं सरकू देत नाही.
बापाकडून मी धार लावायला शिकलो,
मोडायला शिकलो या एका गिऱ्हाइकासाठी.

निकेलच्या खाणींकडून आला, एकोणपन्नासच्या हिवाळ्यात,
पुठ्ठ्याची बॅग आणि राईचे काळे पाव,
मधोमध भोक पाडून सुतळीत ओवलेले.
रेडिओवाला दर शनिवारी त्याच्या आडनावाला ठेचकाळायचा.
शेवटी नुसतं "रेनो" म्हणू लागला,
मग सगळं हॅमिल्टन तेच म्हणू लागलं,
पोलादाच्या भट्टीवरचे इटालियनसुद्धा.

तोंडावर मुखवटा नसायचा तेव्हा. कोणाच्याच.
रबराची चकती, गोठवून दगड केलेली,
आणि तिच्यासमोर चेहरा,
शेजारी कोण आलंय बघायला खिडकीतून काढावा तसा.
भुवईत अकरा टाके, ओठात सात,
हनुवटीतले डॉक्टर पर्किसनांनी मोजणं सोडलेलं.
तेवढा वेळ सामना थांबायचा.
लोक शेंगदाणे फोडायचे, ऑर्गनवाली बाई पोल्का वाजवायची,
आणि तो परत यायचा,
ओठावर दोऱ्याची टोकं घेऊन.

त्रेपन्न साली सलग पाच सामने
पाहुण्यांच्या नावापुढे भोपळा.
तरी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो गोल करणाऱ्याचा.
न झालेले गोल कोण मोजणार?
मी मोजायचो. खडूने, दगडामागच्या भिंतीवर.
रंगारी आला आणि सगळं पुसून गेला.

त्याच्या कपाटाशेजारी एक खिळा होता.
खेळायला जाताना त्याला पितळी बिल्ला अडकवायचा, चारशे सतरा.
आला की काढून खिशात.
खाणीत असंच असतं, म्हणाला एकदा:
उतरताना लावायचा, वर आलं की काढायचा.
आणि पाळी संपल्यावर जो खिळ्यालाच राहतो, तो...
पुढचं त्याने बुटाच्या नाडीला सांगितलं असेल,
मला ऐकू आलं नाही.
एका वार्ताहराने ते छापलं. "बापाचा बिल्ला."
बायका रडल्या. तिकिटं जास्त खपली.

एकसष्टचा फेब्रुवारी, तिसरा डाव.
चकती कोणाच्या तरी काठीला चाटून वळली.
बर्फावर रक्त पसरत नाही, बसतं.
पोरांनी ते फावड्याने खरवडलं
आणि उरलेली नऊ मिनिटं खेळली गेली,
एकोणीस वर्षांचा एक मुलगा गोलात उभा करून.
रात्री दिवे घालवताना पाहिलं, बिल्ला खिळ्यालाच.
मी हात लावला नाही.
काढला तर तो वर आला असं व्हायचं,
आणि तो तर इस्पितळात होता,
डावा डोळा द्यायला.

नंतर त्याने बिअरची गाडी चालवली म्हणतात.
मागे घेताना दोन खांब ठोकले. सोडली.
रिंक पाडली तेव्हा खिळ्यासकट बिल्ला मी घरी आणला.
बायको म्हणाली, पोस्टाने पाठव.
पत्ता होता माझ्याकडे. पाठवला नाही.

मग एका मंगळवारी दुकानाचं दार उघडलं.
जाड झालेला, कानटोपी, नातीचे बूट काखेत.
मी काही न बोलता बिल्ला काउंटरवर ठेवला.
त्याने तो चांगल्या डोळ्याजवळ नेला,
उलटा केला, सुलटा केला.
"अजून आहे हा?" म्हणाला.
"बाबांचा नाही रे. त्यांचा सापडलाच नाही.
खाणीच्या ऑफिसात डबाभर पडलेले असायचे,
त्यातला एक उचलला होता.
बाबांचा नंबर आईलाही माहीत नव्हता."
बारा वर्षं, मी म्हणालो. बारा वर्षं तू तो अडकवायचास.
"हो," म्हणाला, "कोणाचा तरी असेलच की."

मग बूट पुढे सरकवले.
नात पुढे खेळते, त्याने सांगितलं, डाव्या बाजूला. जोरात पळते.
"हिला चांगली धार लाव."
मी दगड सुरू केला.
आवाजात पुढचं काही तो बोलला,
मी मान हलवली.